शब्दाचा कान

साहेब, तुम्ही एका आईच्या मांडीवरून तिचं अठरा दिवसांचं लेकरू उचलून नेलंत. तुमचे हात एवढ्या लांब पोचत नाहीत, म्हणून तुम्ही ते कलमाने नेलंत. कलम सात, पोटकलम आ. त्या कागदावर सही आहे, सहीखाली शिक्का आहे, शिक्क्यात पद आहे. नाव तेवढं वाचता येत नाही. ती बाई बरी झाली होती, साहेब. ज्या घटकेला ती बरी झाली, नेमक्या त्याच घटकेला तुम्ही तिला धोकादायक ठरवलंत. कसं, ते आता बसून ऐका. हातातली फाइल खाली ठेवा.

वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात, सरकारी मनोरुग्णालयाचा माय-लेकरू कक्ष आहे. सहा खाटा, सहा पाळणे. मन आजारी पडलेल्या बाळंतिणीला लेकरापासून तोडायचं नाही, दोघांना एकत्रच दाखल करून घ्यायचं, अशा विचाराने तो २०३६ साली सुरू झाला. विचार सोन्यासारखा होता. त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

या कक्षात आयाचं काम करायची पंचफुला तायडे. वय छप्पन्न, अंगाने भरभक्कम, आवाज असा की बाहेर केसपेपरच्या रांगेत उभ्या माणसाला आत कुणाला जेवायला वाढलं ते कळावं. सगळा दवाखाना तिला फुलामावशी म्हणायचा. चार वर्षांत तीन डॉक्टर बदलले, फुलामावशी तीच. तिची आजार ओळखायची एक स्वतःची रीत होती. ती कुठल्याच बाळंतिणीला “कसं वाटते?” असं विचारायची नाही. ती म्हणायची, “माय लेकराले काय म्हनून हाक मारते, तेवढं पाहा. सारा आजार तिथंच दिसते.”

आणि भिंतीत होता कानोसा. कानोसा म्हणजे ऐकणारं यंत्र. ते काय करायचं ते सांगतो; त्यात अवघड काही नाही, अवघड करून सांगणाऱ्यांचा धंदा वेगळा.

पोटात लेकरू असताना बाईच्या रक्तात एक संप्रेरक वाढत जातं. त्यापासून बनलेला एक पदार्थ मेंदूत जाऊन तिथल्या पेशींना थोपटत राहतो: शांत राहा, भिऊ नको, झोप. नऊ महिने मेंदूला त्या थोपटण्याची सवय होते. बाळंतपण झालं की दोन-तीन दिवसांत ते संप्रेरक धाडकन खाली येतं. बहुतेक बायांचा मेंदू चार दिवस रडतो, चिडतो आणि सावरतो. काहींचा सावरत नाही. मग घरातली माणसं म्हणतात, सगळे नखरे. अरे, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरचा हात तुम्ही एकदम काढून घेतला तर ते दचकून उठेल की नाही? तसा तिचा मेंदू उठून बसलेला असतो.

तोच पदार्थ आता दंडावरच्या पट्टीतून परत देता येतो. घोळ आहे तो मात्रेचा. जास्त झाली तर बाई दिवसभर गुंगीत. कमी झाली तर विहिरीच्या कठड्याकडे बघत बसते. शिवाय प्रत्येकीची मात्रा रोज वेगळी. ती कानोसा ठरवायचा. त्याला दोन कान होते. एक सुराचा. लेकरू रडल्यावर आई किती वेळाने ओ देते, तिचा आवाज झोक्यासारखा वर-खाली जातो की डांबरी सडकेसारखा सपाट, घशात बारीक कापरं आहे का, हे तो मोजायचा. लेकराच्या पायातल्या मऊ पट्ट्यावरून त्याच्या काळजाचे ठोकेही मोजायचा. दुसरा कान शब्दाचा. आई काय बोलते ते तो ऐकायचा. दोन्ही मिळून रोज सकाळी एक जोखीम-आकडा निघायचा आणि त्याच आकड्यावरून पट्टीतली मात्रा आपोआप कमी-जास्त व्हायची. आकडा तिसाच्या खाली आला की दोघं घरी. मधेच कधीही सत्तरच्या वर गेला की दारावर लाल दिवा, आणि लेकरू आईपासून वेगळं, काचेच्या खोलीत. आणि सात दिवसांत खाली उतरला नाही तर लेकरू शिशुगृहात, दीडशे किलोमीटरवर.

कानोशाने पुष्कळ बाया वाचवल्या, हे फुलामावशीही मान्य करायची. ती त्याला ‘भिंतीतला जावई’ म्हणायची. “खात काही नाई, बोलत काही नाई, पन मान मातर पुरा पाह्यजे त्याले.”

आचल खंडारे या कक्षात आली ती बाळंतपणाच्या आठव्या दिवशी. वय चोवीस, बारावी सायन्स. नवरा पवन तिला हाताला धरून घेऊन आला. तिने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. लेकराला ती हात लावायची नाही. नुसती पाळण्याशी उभी राहून त्याची छाती वर-खाली होते का ते बघायची. तास तास बघायची.

पहिल्या दिवशी ती एकच वाक्य बोलली. “मावशी, बाळ रडत आहे.”

फुलामावशीच्या कपाळाला आठी पडली. डॉ. सारंग पेडणेकर खाटेपाशी आले तेव्हा ती त्यांच्या कानाशी लागली, “डॉक्टर, हे पोरगी लय बिमार हाये.”

“ते दिसतंच आहे, मावशी.”

“तुमाले दिसत नाई. दर्यापुराकडची पोरगी, आन् ‘बाळ रडत आहे’ म्हन्ते. भिंतीवरचा कागद वाचल्यावानी. तिले तिचं लेकरू शेजाऱ्याचं वाटून राह्यलं.”

पट्टी लागली. मात्रा चढत गेली. चौथ्या दिवशी आचलने वाटीभर भात खाल्ला. सहाव्या दिवशी लेकराला छातीशी घेतलं, पण अंग असं ताठ, जसं कुणी काचेचं भांडं धरायला दिलंय. आठव्या दिवशी ती फुलामावशीला म्हणाली, “तुमचं लुगडं उलटं नेसलं का हो?” त्यावर फुलामावशीने अख्ख्या कक्षाला ऐकू जाईल असं सांगितलं की खंडाऱ्याच्या सुनेचे डोळे उघडले. तरी लेकराला ती अजून ‘बाळ’च म्हणायची. फुलामावशी वाट बघत होती.

अकराव्या दिवशी सकाळी लेकराची अंघोळ झाली. फुलामावशीने त्याला पुसून आचलच्या मांडीवर दिलं. आचल त्याला लंगोट बांधायला वाकली आणि गड्याने नेम धरून थेट तिच्या तोंडावर धार सोडली.

क्षणभर आचल तशीच राहिली. मग तिच्या पोटातून हसू फुटलं. “थांब रे मुडद्या! मायच्या तोंडावर मुततो काय? कच्चा खाऊन टाकीन तुले, काळतोंड्या कुठचा!” आणि तिने त्याच्या बेंबीवर तोंड खुपसलं. लेकरू पाय झाडायला लागलं.

फुलामावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “आली! आली व माय, जाग्यावर आली पोरगी!”

आणि दारावरचा लाल दिवा लागला.

लाल दिवा लागला की दहा मिनिटांच्या आत लेकरू काचेच्या खोलीत न्यायचं. न्यायचं काम आयाचं. फुलामावशीने दिव्याकडे पाहिलं, आचलकडे पाहिलं. “यंत्र बिघडलं असन,” ती म्हणाली. तोवर परिचारिका धावत आली होती, आकडा एक्क्याण्णव होता आणि दाराबाहेर सुरक्षारक्षक उभा होता. फुलामावशीने आचलच्या मांडीवरून लेकरू उचललं. आचलने विरोध केला नाही. तिचा चेहरा नुसता विझत गेला. “मी काय केलं?” एवढंच ती म्हणाली.

फुलामावशी ओल्या टॉवेलसकट डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

“डॉक्टर, तुमच्या जावयाले समजावून सांगा.”

“काय म्हणाली ती नेमकं?”

“मुडद्या म्हन्ली. कच्चा खाऊन टाकीन म्हन्ली. काळतोंड्या म्हन्ली.”

पेडणेकरांना हसू आलं. ते सावंतवाडीकडचे. “माझी आई अजून फोन उचलल्या उचलल्या ‘मेल्या, जेवलंस?’ म्हणते. चौतीस वर्षांचा डॉक्टर आहे मी.”

“मंग तुमाले धाडा शिशुगृहात.”

पेडणेकरांनी पडद्यावर दोन रेघा काढून दाखवल्या. सुराच्या कानाने दिलेला आकडा होता चोवीस. आवाज झोक्यासारखा, घसा मोकळा. लेकराचे ठोके तर त्या क्षणी इतके निवांत, जितके आधी कधीच नव्हते. शब्दाच्या कानाने दिलेला आकडा होता एक्क्याण्णव. खाली यादी होती. मृत्युवाचक संबोधन: एक. भक्षणाची धमकी: एक. विद्रूपतावाचक संबोधन: एक.

“दोन कानांचं भांडन झालं तं कोनाचं आयकाचं?”

“शब्दाचं. नियम आहे. ‘विसंगती आढळल्यास शब्द ग्राह्य धरावा.’ कलम सात, पोटकलम आ.”

“आन् त्या कानाले मराठी कोनं शिकवली?”

“शहरांतल्या दवाखान्यांतलं बोलणं ऐकवलं, स्टुडिओत कलाकारांकडून वाक्यं वाचून घेतली. चाळीस हजार तास. त्यात वऱ्हाडचे किती, असं मी लिहून विचारलं होतं.”

“मंग?”

“ते पत्र पोचल्याची पोच आली.”

पेडणेकरांनी कानोशाचे नियम करणाऱ्या समितीकडे हरकत नोंदवली. निर्णय एकवीस कामकाजाच्या दिवसांत मिळेल, असं उत्तर आलं. लेकराची मुदत होती सात दिवस. फुलामावशीला गणित कमीच यायचं, पण एवढं आलं.

तिने मग तिच्या बुद्धीला सुचलं ते केलं. दवाखान्याच्या मागे कपडे वाळत घालायचं मैदान होतं. तिथे भिंत नव्हती, म्हणून जावईही नव्हता. दुपारी ती आचलला तिथे घेऊन गेली आणि चादरींच्या आडोशाला शिकवणी सुरू झाली.

“पाह्य, जावयाले आपली भाषा समजत नाई. त्याले टीव्हीतली माय पाह्यजे. म्हन, माझ्या सोन्या.”

“माह्या सोन्या.”

“माह्या नाई व, माझ्या. ‘माह्या’ म्हन्लं की त्याच्या पोटात दुखते.”

“माझ्या... सोन्या.”

“वा! आता म्हन, माझ्या गोडुल्या, किती रे गोड तू!”

“मावशी, असं कोन बोलते?”

“कोनीच नाई बोलत. म्हन्जे बराबर हाये.”

दोघी हसल्या. किती दिवसांनी आचल पोट धरून हसली. मग फुलामावशी म्हणाली, “आता शेवटचा. माझ्या राजा.”

आचल चादरीच्या सुरकुत्या सरळ करू लागली.

“म्हन व. राजाच्या घरी नसन जन्मलं, पन म्हनाले काय जाते?”

“दुसरा शब्द द्या ना.”

“अवं, राजाले लय भाव हाये यंत्रात. डॉक्टराच्या पडद्यावर पाह्यलं मी. एका राजात पाच आकडे उतरतेत.”

आचलने चादरीच्या कडेला घट्ट धरलं. “माझ्या राजा,” ती म्हणाली.

फुलामावशीला वाटलं, लाजते.

दिवसातून दोनदा आचलला काचेच्या खोलीत लेकराला पाजायला नेत. ती शिकवलेलं बोलायची. दुसऱ्या दिवशी आकडा चौऱ्याहत्तर. तिसऱ्या दिवशी बावन्न, आणि लेकरू परत तिच्या खाटेजवळ आलं. फुलामावशीने त्या दिवशी घरून डिंकाचे लाडू आणले आणि परिचारिकेच्या नाकाखालून वाटले. चौथ्या दिवशी अडतीस. पाचव्या दिवशी सत्तावीस, हिरवा. पेडणेकरांनी घरी सोडायच्या कागदावर दोन दिवसांनंतरची तारीख घातली. पवनने फुलामावशीला फोन केला: “मावशी, पाळना बांधला. मायनं अंगन सारवलं. किती वाजता येऊ?”

सगळं गोड झालं होतं. फक्त सहाव्या दिवशी सकाळी फुलामावशी चादरी बदलायला गेली, तर आचलच्या उशीखाली मीठ-मोहरीची पुडी सापडली. नजर काढायची पुडी. तिने मान वर केली. आचल पाळण्याशी उभी होती, लेकराच्या नाकाशी बोट धरून. लेकरू कुरकुरलं. “माझ्या राजा,” आचल म्हणाली, अगदी सपाट, आणि लगेच मान वळवून तीनदा थुंकल्यासारखं केलं. थू थू थू. आवाज न करता.

“आचल, कालपासून जेवली का तू?”

“हो.”

खाटेखाली कालचं ताट जसंच्या तसं झाकून ठेवलेलं होतं.

फुलामावशी तिला घेऊन मैदानात गेली. चादरी नव्हत्या, नुसत्या दोऱ्या होत्या. “बोल,” ती म्हणाली.

“मावशी, मले ते राजा म्हनाले नका लावू.”

“काऊन?”

“पयल्याले मी राजा म्हने.”

फाइलमध्ये ते होतं. ‘पूर्वी एक अपत्य, मृत.’ चार शब्द. ते वाचून कुणी काही विचारलं नव्हतं.

“दोन वर्सं झाली,” आचल म्हणाली. “पोरगंच होतं. गोरंपान. मी साऱ्याइच्या देखत राजा म्हनलं त्याले. आजसासू ओरडली. म्हने, बारा दिवस लेकराले वंगाळच बोलाव, काळं म्हनाव, मुडदा म्हनाव, म्हन्जे सटवाईले वाटते हे काही कामाचं नाई, आन् ते सोडून देते. मी हासली. म्या म्हनलं, आजी, मी सायन्सची. चौथ्या दिवशी पाह्यलं तं पाळन्यात थंड.” तिने दोरीवरचा चिमटा काढून पुन्हा लावला. “मले मालूम हाये मावशी, सटवाई-गिटवाई काही नसते. डॉक्टरनं सांगतलं, त्याच्या काळजाले छेद होता. मले सारं समजते. पन या लेकराले राजा म्हन्लं की माह्यं दूध आटते.”

सटवाई लेकरं नेत नाही, हे फुलामावशीलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टी डोक्यात राहतात आणि भीती छातीत घर करते, तिथून तिला शिकल्या-सवरल्याने बाहेर काढता येत नाही. फुलामावशी मातीतच बसली. वऱ्हाडात जन्म गेला, शेकडो बाळंतिणींना न्हाऊ-माखू घातलं, लेकराला वंगाळ का बोलतात हे तिला जन्माआधीपासून माहीत होतं. आणि तिनेच, आकड्यापायी, या पोरीच्या तोंडात नेमका तोच शब्द कोंबला होता.

“म्याच मारलं तुले, म्या,” ती म्हणाली. आचल तिच्या शेजारी बसली आणि उलट तिचीच पाठ चोळत राहिली.

आता दोन वाटा होत्या. गप्प राहायचं. आकडा हिरवा होता, उद्या पवन येईल, घरी पाळणा बांधलाय. आचल लेकरासकट जाईल, आणि आकडा उतरला म्हणून यंत्राने कमी केलेली पट्टी दंडावर घेऊन जाईल. नाहीतर सांगायचं. यंत्राला फसवलं की सगळे आकडे रद्द. मूळचे एक्क्याण्णव पुन्हा लागू. सातवा दिवस उद्याचा. लेकरू शिशुगृहात. आणि फुलामावशी घरी.

तिला तिसरी वाट सुचेना. ती पेडणेकरांकडे गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

“मावशी, हे काय करून बसलात तुम्ही?”

“केलं. मंग शिव्या द्या, आधी पट्टी वाढवा तिची.”

पेडणेकरांनी पडदा उघडला. सुराच्या कानाची रेघ चार दिवस चढत होती. घशातलं कापरं एक्क्याऐंशीवर गेलं होतं, आवाज सपाट, लेकराचे ठोके बेचैन. सगळं तिथेच होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर. त्यांनी पाहिलं नव्हतं, कारण वरचा आकडा हिरवा होता. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले.

“शिव्या नंतर,” ते म्हणाले. “मी पण रांगेत आहे.”

त्यांनी पट्टी हाताने वाढवली आणि समितीला पडद्यावर बोलावलं. दुपारी पडद्यावर एक बाई आल्या, समितीच्या कार्यालयातल्या अधिकारी. बोलणं नीटनेटकं, चेहरा थकलेला. त्यांनी दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकली. पहिल्यात, लेकराने धार सोडल्यावर आचल हसते, तिथे त्यांचेही ओठ हलले. फुलामावशीने ते पाहिलं.

“भावना समजते,” बाई म्हणाल्या. “पण नियम आम्ही हौसेने केलेला नाही. दोन वर्षांपूर्वी एका कक्षात दुर्घटना झाली. आई आणि बाळ, दोघंही. चौकशीत विचारलं गेलं, पुरावा काय होता? सुराची रेघ लाल होती. पण सूर कागदावर दाखवता येत नाही, डॉक्टर. शब्द दाखवता येतो. म्हणून शब्द.”

“मॅडम,” फुलामावशी मध्येच बोलली, “ते माय लेकराले काय म्हने? शेवटच्या दिवशी?”

बाईंनी खाली पाहिलं. कागद चाळल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

“आक्षेपार्ह असं काही नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

बाईंनी कागद मिटून बाजूला ठेवला. “नियम बदलेपर्यंत माझे हात बांधलेले आहेत. उद्या चार वाजता शिशुगृहाची गाडी येईल.” पडदा काळा झाला.

पेडणेकरांनी गळ्यातली किल्ली काढली. कानोशाचा शब्दाचा कान बंद करायची सोय डॉक्टरांकडे असते. समितीच्या परवानगीशिवाय ती वापरली तर निलंबन. त्यांनी ती वापरली.

“माय काय म्हनन तुमची?” फुलामावशीने विचारलं.

“मेल्या, उशीर केलास, म्हणेल.”

दुसऱ्या दिवशी चारला गाडी आली. गाडीतल्या बाईला पेडणेकरांनी लेखी दिलं: आईजवळ राहणं हा बाळाच्या आणि आईच्या उपचाराचा भाग आहे, बाळ हलवता येणार नाही. ती बाई शहाणी होती. तिने कागद वाचला, दारात पाय पसरून बसलेल्या फुलामावशीचं आकारमान पाहिलं, आणि पाणी मागून पिऊन निघून गेली. पवनही जीप घेऊन आला होता. त्याला घरी न्यायला बायको मिळाली नाही, तेव्हा तो आधी चिडला. मग फुलामावशीने त्याला आचलच्या खाटेशी बसवलं आणि पहिल्या लेकराबद्दल तिच्याशी बोलायला लावलं. दोन वर्षांत ती दोघं त्यावर एकदाही बोलली नव्हती. तो रडायला लागला तर फुलामावशीने त्याच्या हातात लेकराचा ओला लंगोट दिला. “घे. डोळे पुसाले तेच हाये.”

आचलला तिने सांगितलं, “काहीच नको बोलू लेकराशी. ना गोड, ना वंगाळ. नुसती बस. मी बोलते तुह्या वाटचं.” आणि ती बोलत राहिली. जिनिंगच्या आवारातल्या माकडांबद्दल, स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल, डॉक्टरांच्या आईबद्दल. भिंतीतल्या जावयाचा एक कान आता शांत होता. दुसरा ऐकत होता आणि रेघ एकेक पायरी उतरत होती.

चौथ्या दिवशी सकाळी फुलामावशी पोछा मारत होती. मागून आवाज आला.

“मावशी, हा लंगोट कोनं बांधला? आंधळीनं का लंगडीनं?”

“म्या बांधला.”

“मंग हातानं बांधत जा, पायानं नोका बांधू. पोट्ट्याचा जीव घुसमटते.”

फुलामावशी पोछ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. दोन दिवस ती स्वतः मनातल्या मनात हिशेब करत होती, नोकरी गेल्यावर काय. तो हिशेब तिथेच सांडला. “अवं, चार लेकरं वाढवली म्या,” ती म्हणाली.

“म्हनून चारही वाकडं चालतेत!” आचल म्हणाली आणि लेकराला खांद्यावर टाकून त्याची पाठ थोपटत खिडकीशी गेली.

त्या दुपारी फुलामावशी डॉक्टरांच्या खोलीत खुर्ची ओढून बसली. चार वर्षांत ती तिथे कधी बसली नव्हती.

“समितीले पत्र लिहा. म्या सांगते तसं.”

“मी नीट भाषेत करून—”

“नाई. माह्याच भाषेत. यंत्राले नाई समजलं तं मानसाले वाचाले लावा म्हना.”

पेडणेकरांनी टंकायला घेतलं. पत्र गेलं त्याला आज सत्तेचाळीस दिवस झाले. पोच आली आहे. पत्र असं:

‘आचल खंडारे आन् तिचं लेकरू दोघंही इथंच हायेत, एका खाटेवर. तुमची गाडी वापस गेली. म्या, पंचफुला तायडे, तुमच्या यंत्राले फसवलं, हे सही करून लिहून देते. मले काढाचं तं काढा. पन त्याले फसवाले मले चारच दिवस लागले, आन् मी सातवी शिकली हाये. माह्यासारख्या मावश्या तुमच्या साऱ्याच कक्षांत हायेत. कोनाचंही लेकरू काचेत ठेवलं तं कोनतीही मावशी हेच करन. म्हन्जे गोड बोलाले शिकून, आकडा हिरवा करून, पट्टी कमी करून किती बाया घरी गेल्या असतीन, त्याचा इचार करा. त्या आता कोन्या पाळन्यापाशी उभ्या असतीन. त्याइचे पत्ते तुमच्यापाशी हायेत, माह्यापाशी नाईत. त्याइच्या दारी कोन गेलं? कवा गेलं? नाव आन् तारीख लिहून धाडा.’